मालमोटारवाल्याची पेटी

मंडळी, पुण्याहून मुंबईकडे किंवा नाशिकहून ठाण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिलात, तर एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटणार नाही. लांबलचक मालमोटारी जात असतात आणि त्यांच्या पाठीवर लोखंडाची एक बंद पेटी असते. एखादी तांबडी, एखादी निळी, एखादी हिरवी. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. द्राक्षे असतील, कापड असेल, यंत्रे असतील; नाही तर पेटी रिकामीच परत चालली असेल. तिला नक्षी नाही की शोभा नाही. पण नीट पाहिलेत तर तिच्या आठही कोपऱ्यांवर भोके पाडलेले पोलादी ठोकळे दिसतील. त्या भोकांचे काय काम, ते पुढे सांगतो.

या पेटीला सारे जग कंटेनर म्हणते. आज तिची गोष्ट आपण पाहू. आणि तिच्याबरोबर एका माणसाचीही, ज्याने माल इकडून तिकडे नेण्याच्या धंद्यात साठ वर्षांच्या आसपास काढली. त्याचे नाव माल्कम मॅक्लीन. हा काही शास्त्रज्ञ नव्हता, की कॉलेजात शिकलेला इंजिनियरही नव्हता. तो होता मालमोटारवाला.

पण आधी, ही पेटी येण्यापूर्वी माल कसा जात असे, ते समजून घेतले पाहिजे. नाही तर त्या माणसाने काय केले ते कळायचे नाही.

समजा, तुमच्या शेतातला कांदा परदेशी जायचा आहे. खळ्यावर गोणी भरली, गाडीत चढवली, बाजारात उतरवली. तिथून मालमोटारीत चढवली, बंदराच्या वखारीत उतरवली. वखारीतून धक्क्यावर आणली, धक्क्यावरून जाळीत घालून बोटीवर नेली आणि बोटीच्या पोटात हमालांनी ती पाठीवर घेऊन एकेक रचली. पलीकडच्या बंदरावर हेच सारे उलट्या क्रमाने. प्रत्येक वेळी माल हातातून हातात गेला. दर वेळी मजुरी पडली, दिवस गेला, एखादी गोणी फाटली, एखादी वाटेतच नाहीशी झाली.

याचा एक पक्का हिशेब उपलब्ध आहे. १९५४ साली ‘वॉरियर’ नावाची एक मालवाहू बोट अमेरिकेतील ब्रुकलिनच्या धक्क्यावरून जर्मनीतील ब्रेमरहाफेन बंदराला गेली. त्या एका फेरीचा अभ्यासकांनी बारीकसारीक तपशील टिपून ठेवला. बोटीवर ५,०१५ टन माल होता आणि त्याचे नग किती होते म्हणता? १,९४,५८२! खोकी, पोती, पिंपे, गाठी, घरगुती सामान. हा माल १५१ शहरांतून १,१५६ वेगवेगळ्या खेपांनी ब्रुकलिनला येऊन पडला होता. तो बोटीत रचायला सहा दिवस लागले. त्यांतला एक दिवस संपात गेला. समुद्र ओलांडायला साडेदहा दिवस आणि उतरवायला चार दिवस. साऱ्या वाहतुकीला मिळून २,३७,५७७ डॉलर खर्च आला. आता यात समुद्रप्रवासाचा वाटा किती असावा? शेकडा साडेअकरा. बाकीचा सारा खर्च जमिनीवरचा आणि धक्क्यांवरचा, चढवण्या-उतरवण्याचा.

म्हणजे अथांग समुद्र स्वस्त, आणि त्याच्या काठावरची शंभर पावले महाग! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मालाचा खर्च रस्त्याच्या लांबीत नसतो, तो सांध्यांत असतो. जिथे माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जातो तिथे असतो. ही एवढीच गोष्ट मॅक्लीनने ओळखली, आणि जन्मभर तिचा पाठपुरावा केला.

हा मॅक्लीन अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना प्रांतात मॅक्सटन गावच्या परिसरात एका शेतकरी कुटुंबात वाढला. लहानपणी आईने दिलेली अंडी रस्त्याच्या कडेला विकायची आणि त्यावर दलाली मिळवायची, हा त्याचा पहिला धंदा. शाळा संपली तेव्हा अमेरिकेत महामंदीचा काळ होता. कॉलेजला पैसा नव्हता. तो एका पेट्रोल पंपावर कामाला लागला. त्या पंपाचे तेल अठ्ठावीस मैलांवरून यायचे आणि ते आणणाऱ्याला पाच डॉलर मिळायचे. हे काम आपणच का करू नये, असे त्याच्या मनात आले. पंपाच्या आवारात एक जुनी गाडी गंजत पडली होती. ती मालकाकडून मागून घेतली आणि १९३४ साली ‘मॅक्लीन ट्रकिंग’ सुरू झाली. मालकही तोच, ड्रायव्हरही तोच! पुढे भाऊ आणि बहीणही धंद्यात आली. १९५४ सालापर्यंत त्याच्याकडे सहाशेच्या वर गाड्या झाल्या.

१९३७ सालची एक हकीकत तो स्वतः उतारवयात सांगत असे. कापसाच्या गाठी भरलेली गाडी घेऊन तो न्यू जर्सीतील होबोकेनच्या धक्क्यावर गेला होता. आपली पाळी यायची वाट पाहत दिवसभर गाडीतच बसून राहिला. समोर हमाल एकेक गाठ उतरवून बोटीवर चढवत होते. तेव्हा त्याच्या मनात आले, की ही अख्खी गाडीच उचलून बोटीवर ठेवली तर किती सोपे होईल! आता ही कल्पना त्याच दिवशी सुचली की मागाहून गोष्टीत रंग भरला, हे सांगणे कठीण. एवढे मात्र खरे, की ती प्रत्यक्षात यायला आणखी एकोणीस वर्षे लागली.

ते घडले असे. १९५३ च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रस्त्यांवर मोटारींची इतकी गर्दी झाली, की मालमोटारी तासन् तास अडकून पडू लागल्या. मॅक्लीनने विचार केला, की किनाऱ्याने समुद्र मोकळाच पडला आहे. गाड्या बोटीत घालून न्याव्यात. पण हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आले, की चाकांसह गाडी बोटीत घातली तर चाकांखालची सारी जागा फुकट जाते. मग चाके काढून टाका, बैठकही काढा आणि नुसती पेटीच न्या! पेट्या एकावर एक रचताही येतील. कल्पनेचे खरे बीज ते इथे.

वाटेत एक अडचण उभी राहिली. मालमोटारवाल्याने बोटीची कंपनी चालवावी हे अमेरिकेच्या त्या वेळच्या नियमांत बसत नव्हते. मॅक्लीनने काय करावे? वीस वर्षे खपून उभा केलेला, उत्तम चाललेला मालमोटारींचा धंदा त्याने सोडून दिला आणि १९५५ साली एक लहानशी बोट-कंपनी विकत घेतली. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ना, लोकांना ते तसेच वाटले असणार.

कीथ टँटलिंगर नावाच्या कुशल इंजिनियरला त्याने बरोबर घेतले. त्याने तेहतीस फूट लांबीची भक्कम पेटी बनवली. ती मालमोटारीच्या सांगाड्यावर घट्ट बसे आणि यारीने, म्हणजे क्रेनने, सहज उचलता येई. दुसऱ्या महायुद्धातली ‘आयडियल एक्स’ ही तेलवाहू बोट घेऊन तिच्यावर पेट्या ठेवण्याचा मंच बांधला. आणि २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क बंदरातून ५८ पेट्या घेऊन ती टेक्सासमधील ह्यूस्टनकडे निघाली. दर सात मिनिटांना एक पेटी चढत होती. आठ तासांच्या आत बोट भरली. सुटा माल बोटीवर चढवायला त्या वर्षी टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडत. पेट्यांच्या या बोटीवर तोच खर्च टनामागे १६ सेंटांच्याही किंचित आत आला. गुरुजनहो, मुलांना हा भागाकार करायला द्या. सुमारे सदतीस पटींचा फरक निघेल.

इथे एक खुलासा करायला हवा. पेटी ही काही मॅक्लीनने जगात प्रथम केली नाही. युरोपात आणि अमेरिकेत रेल्वेवर, बोटींवर निरनिराळ्या पेट्या वापरून झाल्या होत्या. त्या फारशा चालल्या नाहीत, कारण पेटी नवी आणि बाकीचे सारे जुनेच. जुन्या बोटीत, जुन्या धक्क्यावर, इतर मालाबरोबर एखादी पेटी ठेवली तर उलट अडगळच वाढते. मॅक्लीनने पेटीच्या मापाने बोट बदलली, यारी बदलली, धक्का बदलला, मालमोटार बदलली. आपल्याकडे नवे बियाणे आणले आणि पाणी, खत, मशागत जुनीच ठेवली तर काय होते ते तुम्ही जाणताच.

यापुढचा टप्पा फार महत्त्वाचा. १९५६ नंतर इतर कंपन्यांनीही पेट्या काढल्या, पण प्रत्येकाचे माप निराळे. मॅक्लीनची पेटी आता पस्तीस फुटांची, दुसऱ्याची चोवीस फुटांची, तिसऱ्याची आणखी काही. एकाची पेटी दुसऱ्याच्या यारीला धरता येईना. गावोगाव पायली आणि शेराची मापे वेगळी असली म्हणजे बाजारात जो घोळ होतो, तोच हा घोळ. १९६१ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने, म्हणजे आयएसओने, यासाठी समिती नेमली. लांबीची मापे ठरली: दहा, वीस, तीस आणि चाळीस फूट. पण कोपरे? कोपरा सारखा नसेल तर यारी पेटीला धरणार कशी? उत्तम कोपरा मॅक्लीनच्या कंपनीचा होता आणि त्याचे पेटंटही तिच्याकडेच होते. टँटलिंगर मॅक्लीनकडे गेला आणि म्हणाला, की हे पेटंट सर्वांना खुले करा. १९६३ साली मॅक्लीनने ते खुले केले. थोडेफार फेरफार होऊन तोच कोपरा जगाचा कोपरा झाला.

आता त्या भोकांचा उलगडा झाला ना? यारीचा दांडा त्या भोकात जातो, वळतो आणि अडकतो. पेटी पेटीवर ठेवली की तिथेच कुलूप बसते. न्हाव्हा-शेव्यात असो, सिंगापुरात असो, नाही तर रॉटरडॅमला असो, भोक तेच आणि कुलूपही तेच. आपले गुपित मुठीत धरून ठेवले असते तर मॅक्लीनला दुसऱ्यांकडून थोडेफार मोल मिळाले असते. पण जगाच्या पेट्या एकमेकींवर बसायला आणखी किती काळ गेला असता कोण जाणे. ते खुले केल्याने साऱ्यांचा व्यापार वाढला आणि त्यात त्याचाही वाढला.

१९६६ साली त्याच्या ‘सी-लँड’ कंपनीची बोट पेट्या घेऊन अटलांटिक ओलांडून रॉटरडॅमला पोचली. त्याच सुमारास व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे युद्ध पेटले होते आणि तिथल्या बंदरांत सैन्याचा माल उतरता उतरत नव्हता. बोटी नुसत्या तिष्ठत उभ्या राहत. १९६७ साली मॅक्लीनच्या बोटी पेट्या घेऊन तिथे जाऊ लागल्या आणि ती कोंडी फुटू लागली. परतताना पेट्या रिकाम्या. मग १९६८ पासून वाटेत जपानचा माल भरून त्या अमेरिकेला आणू लागल्या. युद्धाने वाट पाडली आणि त्या वाटेने पुढे व्यापार चालू लागला. इतिहासात हे पुष्कळदा घडलेले आहे.

मंडळी, इथवर गोष्ट एका बाजूची झाली. दुसरी बाजू सांगितली नाही तर ती अपुरी राहील. ज्या सांध्यांवर खर्च होत होता, त्याच सांध्यांवर लाखो माणसांची पोटे चालत होती. टनामागचा खर्च सहा डॉलरांवरून सोळा सेंटांवर आला, तो उरलेला पैसा कोणाच्या तरी मजुरीचा होता.

त्या लोकांनी मुकाट्याने हे सोसले नाही. १९५८ साली मॅक्लीनची पेट्यांची बोट पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात गेली, तेव्हा तिथल्या गोदी कामगारांनी ती उतरवायला नकार दिला आणि वाटाघाटींत चार महिने गेले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस हा गोदी कामगारांचा पुढारी होता. त्याने ओळखले, की यंत्र थोपवता येणार नाही. मग त्याच्या नफ्यातला वाटा तरी का सोडावा? १९६० साली करार झाला. मालकांनी यंत्रे आणावीत; बदल्यात साडेपाच वर्षांत २ कोटी ९० लाख डॉलर कामगारांच्या निधीत भरावेत. त्यातून वयस्क कामगारांना निवृत्तीची रक्कम मिळाली आणि बाकीच्यांना किमान कमाईची हमी. न्यूयॉर्कच्या कामगारांनीही झगडून १९६६ पासून वर्षाला १,६०० तासांच्या मजुरीची हमी मिळवली, मग काम असो वा नसो. पण सर्वांचे नशीब असे नव्हते. लंडनच्या जुन्या गोद्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ईस्ट इंडिया डॉक १९६७ साली आणि रॉयल डॉक्स १९८१ साली. त्यांच्या आधाराने वसलेल्या वस्त्यांवर अवकळा आली.

आपल्या मुंबईचा विचार करा. प्रिन्सेस डॉक १८८० सालचा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ सालचा, अलेक्झांड्रा डॉक १९१४ सालचा. या गोद्यांत आणि त्यांच्या आसपासच्या वखारींत, बाजारपेठांत सातारा, पुणे, अहमदनगर, कोकण या भागांतल्या गावोगावचे तरुण राबले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. गोदी कामगारांच्या रोजगाराच्या नियमनासाठी १९४८ साली कायदा झाला. बाजारातल्या माथाडी-हमालांना मात्र फार थांबावे लागले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कामगारांची नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा या गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या. ज्या दशकात अमेरिकेत पेटी हमालाची जागा घेत होती, त्याच दशकात आपला हमाल माणूस म्हणून नोंदवला जाण्यासाठी झगडत होता.

पेटीला मोकळे, विस्तीर्ण अंगण लागते. दाटीवाटीच्या जुन्या गोदीत तिचे भागत नाही. म्हणून मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे न्हाव्हा-शेवा इथे नवे बंदर बांधले गेले आणि १९८९ साली ते सुरू झाले. पुढे देशातल्या पेट्यांचा फार मोठा भाग याच बंदरातून ये-जा करू लागला. पण हे अंगण कुणाचे होते? त्या परिसरात शेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी गावे होती. नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकाला देण्याची योजना त्या लढ्यातून निघाली.

आणि तरीही, याच पेटीने नाशिक-सांगलीच्या बागाइतदाराला जगाच्या बाजारात नेले, हेही तितकेच खरे. द्राक्ष म्हणजे नाजूक फळ. दहा हात लागले की दहावा हात पोचेपर्यंत त्याची रया जाते. पण बागेजवळच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षे थंड करून खोक्यांत भरायची, ती खोकी शून्य अंशाच्या आसपास गारवा राखणाऱ्या पेटीत रचायची, दाराला सील लावायचे आणि ते सील युरोपातच उघडायचे. मधे फळाला कोणाचा हात म्हणून लागत नाही. १९९१ साली स्थापन झालेल्या महाग्रेप्स या सहकारी संस्थेने लहान बागाइतदारांना एकत्र आणून हीच वाट धरली. एकट्या बागाइतदाराची पेटी भरत नाही. चौघांची मिळून भरते.

आता मॅक्लीनचे पुढे काय झाले? १९६९ साली त्याने सी-लँड कंपनी विकली आणि गडगंज झाला. त्या सुमारास कंपनीने अतिशय वेगवान बोटी बांधायला दिल्या होत्या. त्या पाण्यात उतरल्या न उतरल्या, तोच १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आणि त्या बोटी तर तेल ढोसणाऱ्या! १९७८ साली त्याने दुसरी बोट-कंपनी घेतली. या वेळी धडा घेऊन, तेल वाचवणाऱ्या प्रचंड पण संथ बोटी बांधल्या. तर १९८५-८६ मध्ये तेल स्वस्त झाले आणि संथपणा आडवा आला. १९८६ साली कंपनीचे दिवाळे वाजले. कष्टात कसूर नव्हती, मशागत चोख होती. पावसाचा अंदाज दोनदा चुकला. कर्जावर उभ्या केलेल्या पिकाचे काय होते, ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. त्या दिवाळ्यात असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि ते दुःख त्याला फार लागले. तरी सत्तरी उलटून गेल्यावर त्याने पुन्हा एक बोट-कंपनी काढलीच. २५ मे २००१ रोजी तो वारला. त्याच्या अंत्यविधीच्या सकाळी जगभरच्या पेटीवाहू बोटींनी भोंगे वाजवून त्याला मानवंदना दिली.

गुरुजनहो, ही गोष्ट वर्गात सांगाल तेव्हा मुलांना एक काम द्या. आपल्या गावातला एक जिन्नस घ्या. कांदा, दूध, हळद, काहीही. तो शेतातून निघून खाणाऱ्याच्या ताटात पडेपर्यंत किती हातांतून जातो, ते एकाखाली एक लिहून काढायला सांगा. मग प्रत्येक हाताशेजारी दोन गोष्टी लिहायच्या: इथे किती पैसा आणि किती वेळ जातो, आणि इथे कोणाचे घर चालते. पहिल्या रकान्यावरून कळेल, सुधारणा कुठे करायला हवी. दुसऱ्या रकान्यावरून कळेल, ती करताना कोणाची सोय आधी लावायला हवी. मॅक्लीनने पहिला रकाना अचूक वाचला. दुसरा रकाना हॅरी ब्रिजेसना, अण्णासाहेबांना आणि दि. बा. पाटलांना लिहून काढावा लागला. आपल्या गावात एखादी नवी सोय, नवे यंत्र, नवी बाजारपेठ येऊ घातली, की हे दोन्ही रकाने एकाच कागदावर मांडून ग्रामसभेत ठेवा.